गाडीतली गाडी : मोटरसायकल बांधून नेण्याचा इतिहास

वाहतूकदाराच्या दृष्टीने मोटरसायकल हा अत्यंत गैरसोयीचा माल आहे. पिंप ठेवले की उभे राहते, पोते टाकले की पडून राहते. मोटरसायकल यांतले काहीच करत नाही. धावताना ती वेगावर आणि चालवणाऱ्याच्या तोलावर उभी असते. थांबल्यावर तिला स्टँड लागतो, आणि स्टँड केलेला असतो स्थिर जमिनीसाठी. हलत्या वाहनात तो बिनकामाचा ठरतो. तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पण टायरचा टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. त्यात पुढे-मागे शॉकअप असल्यामुळे घट्ट बांधलेली गाडीही खड्ड्यागणिक खाली बसते आणि त्या क्षणी दोर सैल पडतो. टाकीत पेट्रोल असते ते वेगळेच. सव्वाशे वर्षांत ही गाडी दुसऱ्या गाडीतून नेण्याच्या ज्या पद्धती निघाल्या, त्या सगळ्या या अडचणींशी झालेल्या झटापटीतून निघाल्या. आणि त्यांत सर्वांत उशिरा उमगलेली गोष्ट शॉकअपची होती.

म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर या कारखान्याने १८९४ साली विक्रीसाठी मोटरसायकली तयार करायला सुरुवात केली. तेव्हापासून पहिली पन्नासेक वर्षे दूरच्या प्रवासाला एकच खात्रीचा उपाय होता : गाडी उभी न्यायचीच नाही, खोलून लाकडी पेटीत बसवायची. पुढचे चाक काढायचे, हँडल सोडवून टाकीला समांतर वळवायचे, फूटरेस्ट आत घ्यायचे, आणि सांगाडा आडव्या-उभ्या फळ्यांना बोल्टने जखडायचा. पेटीत गेल्यावर मोटरसायकल हा चौकोनी, निमूट माल होतो. एकावर एक रचता येतो, क्रेनने उचलता येतो, आणि जहाज डोलले तरी आपल्या जागी राहतो. इंग्लंडमधून मुंबई आणि मद्रासच्या बंदरांत येणाऱ्या गाड्या अशाच येत. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली, तेव्हा बुलेट प्रथम इंग्लंडमधल्या रेडिचहून सुट्या भागांच्या रूपातच येत होती आणि इथे जोडली जात होती. याला पुष्कळशी कारणे आयातीच्या धोरणाची होती. पण सुट्या भागांना जहाजात जागा कमी लागते आणि मोडतोडही कमी होते, हा व्यापारी हिशेबही त्यात होताच.

पेटीच्या या युक्तीने टोक गाठले दुसऱ्या महायुद्धात. विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी वेलबाइक नावाची इवलीशी गाडी तयार झाली. ९८ सीसीचे व्हिलियर्स इंजिन, वजन सुमारे ३२ किलो. ती बेतली गेली ती सोबत टाकल्या जाणाऱ्या सामानाच्या नळकांड्याच्या मापावर. नळकांड्याचा व्यास सव्वा फूट, म्हणून हँडल दुमडणारे आणि सीट खाली दबणारी. एरवी वाहनाच्या मापाने पेटी करतात. इथे पेटीच्या मापाने वाहन केले गेले. रॉयल एन्फील्डची १२५ सीसीची ‘फ्लाइंग फ्ली’ थोडी मोठी होती. तिच्याभोवती नळ्यांचा पिंजरा बसवून ती पॅराशूटने सोडत, किंवा हॉर्सा ग्लायडरच्या पोटात बांधून नेत. १९४४ च्या नॉर्मंडी आणि आर्नहेमच्या मोहिमांत या गाड्या वापरल्या गेल्या. ग्लायडर उतरताना बसणारा हिसका पाहता, आतली मोटरसायकल सुटणे म्हणजे आतल्या सैनिकांवर ती कोसळणे. बांधणीच्या चुकीची किंमत किती असू शकते, याचा याहून स्पष्ट धडा नागरी वाहतुकीला पुढे कधी मिळाला नाही.

पेटी विक्रेत्याला परवडते, हौशी स्वाराला नाही. शर्यतीला किंवा सहलीला निघालेल्या माणसाला गाडी खोलून पेटीत भरणे आणि मुक्कामी पुन्हा जोडणे जमणार नव्हते. त्याची सोय रेल्वेच्या गार्डाच्या डब्यात आणि बोटींवर होई. आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी शर्यत १९०७ साली सुरू झाली आणि दर उन्हाळ्यात लिव्हरपूलहून डग्लसला मोटरसायकलींची रीघ लागू लागली. या मार्गावर पहिली खास मोटारवाहू बोट, ‘मँक्स मेड’, १९६२ साली आली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ साध्या प्रवासी बोटींवरच हा कारभार चालला. तिथली पद्धत खलाशांची होती. गाड्या कठड्याला तिरप्या टेकवायच्या, सीटवर जुनी घोंगडी किंवा गादी टाकायची आणि वरून दोर ओढून बांधायचा. वरकरणी ओबडधोबड असली तरी या रीतीत एक शहाणपण होते. दोर सीटवरून खाली ओढला की गाडी शॉकअपवर थोडी बसते आणि दोर ताणलेला राहतो. खलाशांनी त्याचा सिद्धांत मांडला नाही. रस्त्यावरच्या मंडळींना तेच पुन्हा शोधून काढावे लागले.

रस्त्यावर बंद व्हॅनचा जमाना दुसऱ्या महायुद्धानंतर आला. फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर १९५० मध्ये निघाली, ब्रिटनमध्ये बेडफर्ड सीए १९५२ मध्ये, फोर्ड थेम्स ४००ई १९५७ मध्ये आणि फोर्ड ट्रान्झिट १९६५ मध्ये. मोटरसायकलवाल्यांच्या लेखी या गाड्यांत मोठा फरक होता. फोक्सवॅगनचे इंजिन मागे असल्यामुळे मागचा तळ उंच होता. मोटरसायकल बाजूच्या दारातून आत घ्यावी लागे आणि वळवताना घाम फुटे. इंजिन पुढे असलेल्या ब्रिटिश गाड्यांत मागची दारे उघडली की तळ सलग पुढपर्यंत जाई. एक फळी लावली की गाडी सरळ आत. युरोपातल्या शर्यतींच्या वर्तुळात अशा व्हॅन घरोघरच्या झाल्या, तर नवल नाही.

घरोघरच्या हा शब्द इथे जवळजवळ शब्दशः खरा आहे. पन्नास-साठच्या दशकांत कंपनीचा पाठिंबा नसलेले स्वार उन्हाळाभर एका देशातून दुसऱ्या देशात शर्यती खेळत फिरत. या फिरत्या जथ्याला ‘कॉन्टिनेंटल सर्कस’ म्हणत. ऑस्ट्रेलियन स्वार जॅक फिंडलेवर त्याच नावाचा माहितीपटही निघाला. यांतल्या बहुतेकांची व्हॅन हेच घर, हीच कार्यशाळा. एक-दोन मोटरसायकली, सुटी इंजिने, टायर, पेट्रोलचे डबे आणि झोपायची गादी एकाच छताखाली. गाडी भिंतीच्या फासळ्यांना किंवा आसनांच्या चौकटीला दोराने बांधली जाई. गाठ बहुधा मालवाहू ट्रकवाल्यांची : दोरातच फास करून त्याचा कप्पीसारखा उपयोग करायचा आणि ताण दुप्पट-तिप्पट वाढवायचा. ही गाठ आजही उत्तम आहे. कच्चा होता तो दोर. अंबाडीचा किंवा ताग-काथ्याचा दोर ओला झाला की आखडतो, वाळला की सैल पडतो, आणि पत्र्याच्या कडेवर घासला की आतून तुटत जातो. नायलॉनचा दोर मजबूत, पण ताणला की चांगलाच लांबतो. शिवाय बंद गाडीत पेट्रोलच्या वाफेचा धोका कायमचा. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी, म्हणजे झोपणाऱ्याच्या नाकापाशीच, साचते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या आडव्या झाल्या की पेट्रोल गळणारच, त्यामुळे गाडी उभी ठेवणे हा नीटनेटकेपणाचा नव्हे, आगीचा प्रश्न होता.

बांधणीत खरी सुधारणा झाली अमेरिकेत, आणि तिला कारण ठरला मोटोक्रॉस, म्हणजे कच्च्या उंचसखल वाटेवरची शर्यत. हस्कवर्ना गाड्यांचे आयातदार एडिसन डाय यांनी १९६६ साली स्वीडनचा जगज्जेता टॉर्स्टन हॉलमन याला अमेरिकेत आणले. त्याची उडी आणि वेग पाहून तिकडे या खेळाचे वेड पसरले. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटाने ते घराघरांत नेले. मोटोक्रॉसच्या गाडीला दिवे नसतात, नंबरप्लेट नसते. ती रस्त्यावर चालवताच येत नाही. म्हणजे दर शनिवार-रविवारी लाखो लोकांना मोटरसायकल दुसऱ्या वाहनातून न्यावी लागणार, असा एक नवाच वर्ग तयार झाला. पूर्वी ही गरज मूठभर शर्यतवाल्यांची होती; आता ती शेजारपाजारच्या पोरांची झाली, आणि बाजाराला तिच्याकडे पाहावे लागले.

हे लोक पिकअप वापरत किंवा व्हॅन. पिकअपमध्ये चढवणे सोपे, व्हॅनमध्ये चोरी आणि पावसापासून बचाव. शेव्हरोलेने १९६१ मध्ये एक पिकअप काढली होती, तिची बाजूचीच भिंत खाली पडून रस्त्यापर्यंत उतार होई. मोटरसायकलसाठी याहून सोयीची गाडी नव्हती, पण १९६४ नंतर ती बंद झाली. फोर्डची इकोनोलाइन मात्र टिकली. १९६१ च्या तिच्या पहिल्या रूपात इंजिन दोन पुढच्या आसनांच्या मधोमध होते. साठच्या दशकाच्या शेवटी ते पुढे सरकवले गेले आणि आत ऐसपैस जागा झाली.

दोराची जागा घेतली विणलेल्या पट्ट्याने. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधला होता. तो नायलॉनपेक्षा खूप कमी लांबतो आणि भिजला तरी ताकद गमावत नाही. त्याचा इंचभर रुंद पट्टा, दोन्ही टोकांना हुक आणि मध्ये दातेरी चिमट्याचे बक्कल, एवढे साहित्य मिळाल्यावर गाठ मारण्याचे कसब लागेनासे झाले. कसबी माणसाला ही अवनती वाटली असेल. पण रविवारी रात्री चिखलाने माखलेल्या, थकलेल्या हातांनी मारलेल्या गाठीपेक्षा बक्कल बरे. पुढे हातोडीसारखी मूठ मागेपुढे करून ताणायचे रॅचेटही आले. चिमट्याच्या बक्कलात ताण हाताच्या ताकदीपुरताच येतो. रॅचेटने तो कितीतरी पट वाढवता येतो, आणि तिथूनच एक नवा घोटाळा सुरू झाला.

सत्तरच्या दशकात मोटोक्रॉसच्या गाड्यांची चाके फार उसळू लागली. बेल्जियमच्या लुसिएन टिल्केन्स यांची एकाच मागच्या शॉकअपची कल्पना यामाहाने उचलली, आणि १९७३ मध्ये हाकान आंडरसनने त्या गाडीवर २५० सीसीचे विश्वविजेतेपद जिंकले. त्यानंतर दशकभरात मागच्या चाकाची उसळी चार इंचांवरून दहा-बारा इंचांपर्यंत गेली. पूर्वी जेमतेम आवळलेला पट्टा चाले, कारण गाडी खड्ड्यात फारशी बसतच नसे. आता एका दणक्याने ती वीतभर खाली जाई, पट्टा लोंबे, हुक कडीतून निसटे आणि गाडी आडवी. उपाय म्हणजे बांधतानाच पुढचा फोर्क पट्ट्यांनी खाली ओढून ठेवायचा. मग स्प्रिंग सतत वर ढकलत राहते आणि पट्टा ताणलेलाच राहतो. ज्या स्प्रिंगमुळे गाडी सुटत होती, तिनेच ती धरून ठेवायची. पण रॅचेट हाती आल्यावर लोक फोर्क पार तळाला टेकेपर्यंत आवळू लागले आणि फोर्कचे ऑइल सील फुटू लागले. त्यावर पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा घालायची रीत आली. ठोकळ्यापर्यंत आवळा, त्यापुढे फोर्क जातच नाही. रस्त्यावरच्या साध्या मोटरसायकलींना याची गरज नसते. त्यांचा फोर्क निम्म्याच्या आसपास दाबला की पुरे.

या सगळ्यातून जी पद्धत स्थिरावली ती आजही मुळात बदललेली नाही. पुढचे चाक व्हॅनच्या पुढच्या भिंतीला किंवा तळाला बसवलेल्या खोबणीत घट्ट टेकवतात, म्हणजे ते वळत नाही. दोन पट्टे हँडलजवळ फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या खालच्या टीवरून डाव्या-उजव्या बाजूला, पुढे आणि खाली जातात. जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन झाला की खालची ओढ आणि बाजूची ओढ सारखी मिळते. पट्टा हँडलच्या टोकांना लावणे सोपे, पण हँडल वाकते. हुक थेट रंगवलेल्या नळीला लावत नाहीत. मध्ये मऊ पट्टीचा फास घालतात. मागचे दोन पट्टे सांगाड्याला लावतात. ते गाडी उभी ठेवण्यासाठी नसून मागचे चाक बाजूला सरकू नये म्हणून असतात, त्यामुळे ते कमी आवळलेले चालतात. साइड स्टँड वर. स्टँडवर गाडी टेकवून पट्टे आवळले तर सगळा जोर त्या एका दांडीवर येतो आणि ती वाकते किंवा तळात घुसते. नवशिक्याला हे पटत नाही, कारण स्टँडवरची गाडी स्थिर दिसते. पेट्रोलचा कॉक बंद, आणि दहा-पंधरा किलोमीटरांवर थांबून पट्टे पुन्हा तपासायचे. पट्ट्याचे विणकाम आणि टायर बसतात ते या पहिल्या टप्प्यातच.

चढवणे हा वेगळा विषय आहे आणि अपघात जास्त होतात ते तिथेच. व्हॅनचा तळ दोन फूट उंच धरला तर आठ फुटी फळीवर चढ १४-१५ अंशांचा येतो. चार फुटी फळीवर तो ३० अंश होतो आणि गाडीचे पोट कडेला अडकते. फळी व्हॅनला बांधलेली नसेल, तर मागचे चाक तिच्यावर जोर देताच फळी मागे सरकते. हा प्रकार घडायला क्षणही लागत नाही, आणि माणूस दीडशे किलोच्या खाली सापडतो.

कायदा बराच नंतर आला. अमेरिकेत २००४ पासून लागू झालेल्या मालबांधणीच्या नियमांनुसार व्यापारी वाहनातली बांधणी पुढच्या दिशेला गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर सोसणारी हवी. युरोपच्या मानकातले ट्रकसाठीचे आकडेही जवळपास हेच आहेत. म्हणजे दीडशे किलोची गाडी करकचून ब्रेक लागल्यावर १२० किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते. युरोपात पट्ट्यावर लेबल सक्तीचे झाले : निळे म्हणजे पॉलिएस्टर, हिरवे म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. नमूद केलेल्या भाराला पट्टा सात टक्क्यांपेक्षा जास्त लांबता कामा नये, अशीही अट आहे. बाजारातल्या बिनलेबलाच्या स्वस्त पट्ट्यांविषयी यातून काय ते समजावे.

भारतात या इतिहासाने वेगळे वळण घेतले. इथे हौशी स्वाराकडे स्वतःची व्हॅन नव्हती. त्याची व्हॅन म्हणजे रेल्वेची. बदली झालेला बँक कर्मचारी, पुण्याहून बंगळुरूला शिकायला किंवा नोकरीला निघालेला मुलगा, लडाखला जायचे म्हणून चंदीगडपर्यंत गाडी पुढे पाठवणारे हौशी, सगळ्यांचा रस्ता पार्सल ऑफिसवरून जातो. गाडी लगेज म्हणून आपल्याच ट्रेनने न्यायची किंवा पार्सल म्हणून स्वतंत्र पाठवायची. जागा तीच : गार्डाच्या डब्याला लागून असलेला सामानाचा कप्पा, नाहीतर संपूर्ण पार्सल व्हॅन. त्या कप्प्यात मोटरसायकलीला चाकाची खोबण नसते. वाटेतल्या स्टेशनांवर ट्रेन दोन-पाच मिनिटेच थांबते आणि हमालांना तेवढ्यात माल काढायचा-भरायचा असतो. अशा ठिकाणी चार पट्ट्यांची बांधणी कोण करणार आणि कोण सोडणार? म्हणून इथे भर पडला तो बांधणीवर नव्हे, गुंडाळणीवर. गाडी पडणार, दुसऱ्या गाडीवर रेलणार, तिच्यावर खोकी येणार, हे गृहीत धरूनच ती सजवली जाते.

मोठ्या स्टेशनांच्या पार्सल ऑफिसाबाहेर पॅकिंगवाले बसतात, ते याच गरजेपोटी. आरसे काढायचे, टाकीवर पुठ्ठा, त्यावर पेंढा किंवा गवताची गादी, हेडलाइट आणि इंडिकेटरभोवती चिंध्या, लिव्हरांना सुतळीचे वेढे, आणि सगळ्यावर गोणपाट चढवून ते दाभणाने शिवायचे. शेवटी गोणपाटावर ठळक अक्षरांत कुठून कुठे आणि कोणाकडे. अलीकडे पेंढ्याच्या जागी फुगीर प्लॅस्टिक आणि फोम आले, पण गोणपाट गेले नाही. ते घासटण सोसते आणि हमालाला पकड देते. ही खास देशी कला आहे. परदेशी पद्धतीत गाडी हलू नये यासाठी सगळा खटाटोप. इथे ती हलली, आपटली तरी टिकावी यासाठी. परिस्थिती पाहता दुसरा मार्ग कमी शास्त्रीय म्हणता येणार नाही.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र रेल्वे तडजोड करत नाही. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय गाडी घेतली जात नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ६७ मध्ये धोकादायक मालावर निर्बंध आहेत, आणि कलम १६४ नुसार बेकायदा असा माल आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्टेशनाबाहेर बाटल्यांत पेट्रोल काढून देणारे-घेणारे दिसतात ते त्यामुळेच. कार्ब्युरेटरच्या वाटीत आणि नळीत राहिलेले थेंब बहुतेकजण विसरतात.

कारखान्यांचा मार्ग निराळा. आकुर्डी, वाळूज, चाकण इथून निघणाऱ्या हजारो दुचाकी बंद कंटेनर-ट्रकमध्ये मजल्यांवर, रांगांत उभ्या करून, पट्ट्यांनी आडव्या नळ्यांना जखडून जातात. रेल्वेने जुने प्रवासी डबे रूपांतरित करून वाहने नेण्यासाठी वापरात आणले. त्यांतून दुचाकीही जातात. शहरातल्या शहरात बंद पडलेली किंवा नुकतीच विकलेली गाडी हलवायची तर २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे लोकांचा छोटा हत्ती, हाच आधार. त्याचा हौदा सुमारे सात फूट. दोन मीटरची स्प्लेंडर त्यात सरळ बसते. बुलेटसारखी लांब गाडी तिरपी लावावी लागते, आणि तिरपी गाडी दोन बाजूंना सारखी ताणता येत नाही. चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या शर्यतवाल्यांनी खोबण आणि रॅचेटची परदेशी पद्धत उचलली. छोट्या हत्तीवाल्याकडे अजून नायलॉनचा दोर, जुनी ट्यूब आणि चाकाला लावायची वीट असते. ट्यूब वापरू नये. ती ताणली जाते, म्हणजे नेमक्या झटक्याच्या वेळी सोडून देते.

रेल्वेने आलेली गाडी घेताना बाहेरून नुकसान दिसत असेल, तर रेल्वे कायद्याच्या कलम ८१ नुसार ओपन डिलिव्हरी, म्हणजे रेल्वेच्या माणसासमोर माल उघडून नुकसानीची नोंद करून घेणे, मागता येते. भरपाई हवी असल्यास कलम १०६ प्रमाणे लेखी दावा माल रेल्वेकडे सोपवल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत पोचला पाहिजे.